एकाच नोटेच्या अनेक किमती

पुण्याजवळच्या मारुंजीत शंभर रुपयांच्या नोटेची किंमत दर अर्ध्या किलोमीटरवर बदलते. हिंजवडीच्या लक्ष्मी चौकातून मारुंजी रस्त्याला लागलं की टाउनशिपचे उंच मनोरे दिसायला लागतात. तिथं शंभराची नोट म्हणजे घरपोच आलेल्या जेवणावर दिलेली टिप. त्याच मनोऱ्यांच्या पाठीमागं, नव्या इमारतीच्या साइटला लागून, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग असते. तिथं शंभर रुपये म्हणजे घरच्या माणसांचं रात्रीचं पीठ, डाळ आणि थोडं तेल. आणखी पुढं जुनं गावठाण. तिथं एखाद्या घरात ओट्यावर बसलेले आजोबा असतात. त्यांच्या नावावरच्या जमिनीचा एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट, आता लाखांत विकला जातो. पण आजोबांनी जमीन विकलेली नाही, भाताचे पैसे वर्षातून एकदा येतात, आणि त्यांच्या बंडीच्या खिशात शंभराची नोट अजून घडी घालून, जपून ठेवलेली असते.

या तिघांनी तीच नोट एखाद्या गरजूला दिली, तर तिघांनी सारखंच दान केलं का? पावती फाडणारा म्हणेल, हो, शंभरच की. आपलं मन म्हणतं, नाही. मनाचं हे उत्तर बरोबर आहे, आणि ते का बरोबर आहे हे शोधायला निघालं की वाट अशा ठिकाणांहून जाते की थक्क व्हायला होतं.

पहिला मुक्काम गणितात. १७३८ मध्ये दानिएल बेर्नूली या स्विस गणितज्ञानं एक साधा विचार मांडला. एक नाणं हाती आल्यानं होणारं समाधान हे त्या माणसाकडं आधीच किती नाणी आहेत यावर ठरतं. दहापट श्रीमंताला तेच नाणं एक दशांश सुख देतं. म्हणजे पैसा खालच्या दिशेनं सरकला की त्याची किंमत वाढत जाते. महिना दीड लाख मिळवणाऱ्याच्या हातून सुटलेले हजार रुपये महिना पंधरा हजार मिळवणाऱ्याच्या हातात पडले, तर बेर्नूलीच्या हिशोबानं ते तिथं दहा हजारांइतकं काम करतात. कुणी काही नवीन निर्माण केलं नाही, कुठला कारखाना काढला नाही. नोटांनी फक्त रस्ता ओलांडला. इतकी साधी आणि इतकी अद्भुत गोष्ट रोज आपल्या डोळ्यांसमोर घडू शकते, याचं मला आजही नवल वाटतं.

हिशोब उलटाही होतो. खालच्या हातून सुटलेला रुपया देताना तितकाच जास्त दुखतो. या पट्ट्यातल्या एका साइटवर मी एक वही पाहिली होती. साधी शाळेची चाररेघी वही. एक मजूर आजारानं गेला होता आणि त्याला विदर्भातल्या गावी न्यायचं होतं. अँब्युलन्सचं भाडं मोठं. मुकादमानं वही फिरवली होती. पहिल्या ओळीत ठेकेदाराचे पाच हजार, मग मिस्त्र्यांचे पाचशे-पाचशे, मग हेल्पर लोकांचे दोनशे, शंभर, शंभर. एका ओळीत नुसतेच वीस रुपये होते आणि पुढं अंगठा. ज्यांची भाषा मरणाऱ्याला कळत नव्हती अशा माणसांचीही नावं त्यात होती.

त्या दोनशे रुपयांवर जरा थांबू या. समजा हेल्परचा रोज सहाशे रुपये आहे आणि महिन्यात पंचवीस दिवस काम लागतं. म्हणजे महिन्याला पंधरा हजार. दोनशे रुपये म्हणजे त्याच्या मिळकतीचे सव्वा टक्क्याहून थोडे जास्त. दीड लाख पगार असलेल्या इंजिनियरनं याच मापानं द्यायचं म्हटलं तर आकडा दोन हजार होतो. पण खरी मेख पुढं आहे. हेल्परनं गावी पाठवलेले पैसे, खाणं, मोबाइलचं रिचार्ज, प्रवास, सगळं वजा केलं तर त्याच्या हाती मोकळे असे दोन-तीन हजार उरले तर उरतात. दोनशे रुपये त्या उरलेल्यातून गेले. मिळकतीच्या मापानं पाहिलं तर सव्वा टक्का, शिलकीच्या मापानं पाहिलं तर निदान पंधरावा हिस्सा. इंजिनियरच्या शिलकीचा पंधरावा हिस्सा काढा, म्हणजे ती वही किती जड होती ते कळेल.

आपल्याकडं ही समज जुनी आहे. महाभारताच्या अश्वमेध पर्वात युधिष्ठिराचा यज्ञ संपतो, दानाचे डोंगर लागलेले असतात, आणि तेवढ्यात अर्धं अंग सोन्याचं असलेलं एक मुंगूस येऊन सांगतं की हा यज्ञ त्या गरीब ब्राह्मणाच्या शेरभर सातूच्या बरोबरीचा नाही. कुरुक्षेत्रावर दुष्काळात शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारं ते चौघांचं कुटुंब. नवरा, बायको, मुलगा आणि सून. दारी आलेल्या पाहुण्यापुढं चौघांनी एकेक करून आपापला वाटा ठेवला. तिथल्या सांडलेल्या पिठात लोळल्यावर मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी ते यज्ञामागून यज्ञ हिंडत होतं. राजाच्या यज्ञमंडपातही ते झालं नाही. बेर्नूलीच्या कितीतरी शतकं आधी कुणीतरी हा हिशोब मांडून ठेवला होता, तोही एका प्राण्याच्या तोंडून.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यात अवघड. मी श्रीमंत आहे की नाही, हे मला कसं कळावं?

टाउनशिपमधल्या कुणालाही विचारा, उत्तर येतं, आम्ही मध्यमवर्गीय. गावठाणातला माणूसही हेच सांगतो. लोक खोटं बोलत नाहीत. माणूस स्वतःला जगाशी ताडून पाहत नाही. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या, ऑफिसात शेजारी बसणाऱ्या, शाळेच्या ग्रुपवर परदेशातले फोटो टाकणाऱ्या माणसांशी ताडून पाहतो. अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स शहरात क्रुसेस या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं होतं की उत्पन्नाच्या शिडीवर तुम्ही कितव्या पायरीवर आहात. २०१३ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की वरच्या पायऱ्यांवरचे बरेच लोक स्वतःला खाली समजत होते, आणि खालचे बरेच लोक स्वतःला वर समजत होते. सगळे मधल्या पायरीवर दाटीवाटीनं उभे.

मग खरी शिडी कशी आहे? केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भारतात दर माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला आणि ग्रामीण भारतात ४,१२२ रुपये. शहरातल्या सगळ्यात वरच्या पाच टक्के लोकांचा सरासरी खर्च दर माणशी २०,३१० रुपये. चौघांच्या कुटुंबाचा हिशोब केला तर महिना साधारण ८१ हजार. घराच्या कर्जाचा हप्ता यात धरलेला नाही. मारुंजी, हिंजवडी, वाकड भागात महिना ८१ हजार खर्च करणारं चौकोनी कुटुंब स्वतःला शहरी भारताच्या वरच्या पाच टक्क्यांतलं समजत असेल का? मला तरी असं म्हणणारं कुणी भेटलेलं नाही. अशा पाहण्यांत अतिश्रीमंत घरं फारशी सापडत नाहीत हे खरं, त्यामुळं शिडीचा वरचा टोकाचा भाग कागदावर आखूड दिसतो. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे त्यानं फारसं बदलत नाही.

याहून धक्का देणारा आकडा उत्पन्नाचा आहे. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये भारतातल्या विषमतेचा जो हिशोब मांडला, त्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या दहा टक्के प्रौढांत येण्यासाठी वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार रुपये मिळकत पुरेशी होती. बरोबर मधल्या माणसाची मिळकत वर्षाला एक लाख पाच हजारांच्या आसपास. आता हिंजवडीत नव्यानं रुजू झालेल्या मुलीचा विचार करा. गेली कित्येक वर्षं आयटीतलं नवशिक्यांचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास घोटाळतंय. ती मारुंजीत पीजीत राहते, खोलीत आणखी दोघीजणी, बाथरूमला रांग, महिन्याच्या वीस तारखेनंतर हात आखडता. तिला कुणी सांगितलं की पहिला पगार खात्यात पडला त्या दिवशी तू देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत जाऊन बसलीस, तर तिला ती थट्टा वाटेल. थट्टा नाही. तिची ओढाताणही खरी आणि तिची पायरीही खरी. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, यातच आपल्या देशाची खोली कळते. तिच्याखाली नव्वद टक्के प्रौढ माणसं आहेत, म्हणजे ऐंशी कोटींहून जास्त.

आणि वर? त्याच अभ्यासात वरच्या एक टक्क्याचा उंबरठा साधारण २० लाख ७० हजारांवर होता, आणि त्या एक टक्क्याकडं देशाच्या एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा जात होता. म्हणून मधल्या माणसाला वर पाहिलं की आपण कुठंच नाही असं वाटतं. शिडी वर चढत जाते तशा पायऱ्यांमधल्या उंच्या वाढत जातात. दहाव्या मजल्यावरून अकरावा मजला हाताला लागत नाही इतका लांब असतो, आणि खालचे नऊ मजले एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. आपली नजर सतत वर का खेचली जाते याचं मोठं कारण या रचनेतच आहे. लोभ हे एकच उत्तर मला पटत नाही.

शिडीच्या तळाशी दारिद्र्याची रेषा ओढण्याचं काम मात्र आपल्या शेजारच्या पुण्यातच झालं. त्याआधी दादाभाई नवरोजींनी १८६७-६८ साठी हिंदुस्थानातलं दरडोई वार्षिक उत्पन्न काढलं ते २० रुपये. माणसाला जगायला किमान किती लागतं हे ठरवण्यासाठी त्यांनी तुरुंगातल्या कैद्याला मिळणाऱ्या अन्नवस्त्राचा आधार घेतला, आणि बाहेरचा मोकळा माणूस कैद्याइतकंही मिळवत नाही हे इंग्रजांच्याच आकड्यांवरून दाखवून दिलं. पुढं शंभरेक वर्षांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळाव्यात इतका खर्च करता येणं ही त्यांची कसोटी. १९६०-६१ च्या भावानं ती खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. त्या रेषेखाली खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले जवळजवळ निम्मे लोक होते. पुढं सुरेश तेंडुलकर समितीनं सुचवलेल्या पद्धतीनं २०११-१२ साठी ही रेषा खेड्यात ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये महिना ठरली. म्हणजे शहरात रोजचे तेहतीस रुपये. तेव्हा देशभर संताप उसळला होता, आणि तो रास्तच होता. पण ही रेषा जगण्याची नव्हे, तगण्याची आहे हेही तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

आणि दांडेकर-रथांच्या संस्थेच्या जन्मकथेत आपल्या विषयाचाच धागा आहे. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. एका माणसाच्या दानातून असं घर उभं राहिलं, जिथं बसून पुढं देशानं गरिबी मोजायला शिकावं. दानाचा परिणाम कुठवर जाईल हे देणाऱ्याला त्या दिवशी कसं कळणार!

जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून दिवसाला तीन डॉलर आहे. ऐकताना अडीचशे रुपये वाटतात. तसं नाही. हे डॉलर खरेदीशक्तीचे आहेत: अमेरिकेत तीन डॉलरला जेवढं मिळतं तेवढं इथं मिळवायला किती रुपये लागतात, असा तो हिशोब. इथं वस्तू आणि श्रम स्वस्त, म्हणून एक असा डॉलर साधारण वीस-बावीस रुपयांचा. म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट रुपये. त्या मापानं भारतातलं टोकाचं दारिद्र्य २०११-१२ मधल्या २७.१ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आलं. फार मोठी, आनंदाची गोष्ट. रेषा थोडी वर, ४.२ डॉलरवर नेली की मात्र २३.९ टक्के लोक पुन्हा खाली दिसतात. रेषेच्या वर आलेली माणसं रेषेला चिकटूनच उभी आहेत. एक आजारपण, एक अपघात, एक बुडालेला हंगाम, की पाय घसरतो.

गरिबी नुसती पोटातही मोजता येत नाही. ॲडम स्मिथनं १७७६ मध्ये लिहिलं की लिननचा सदरा जगायला लागत नाही, पण त्याच्या काळात रोजंदारीवरच्या माणसालाही त्याशिवाय चारचौघांत जायला लाज वाटे, म्हणून सदरा गरजेतच धरायला हवा. मारुंजीच्या मजूर अड्ड्यावर आज ती जागा मोबाइलनं घेतली आहे. सकाळी सातला थापी आणि डब्याची पिशवी घेऊन उभा असलेला मिस्त्री आदल्या रात्री फोनवर काम ठरवून आलेला असतो. ज्याचा फोन बंद पडलाय तो रस्त्याच्या कडेला उन्हं चढेपर्यंत वाट पाहतो. त्याच्या हातात स्मार्टफोन आहे म्हणून तो गरीब नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथं तासभर उभं राहावं.

तर देणं किती म्हणजे उदार? या मातीत आणि आसपास वेगवेगळी मापं वापरली गेली. इस्लाममध्ये जकात अडीच टक्के, आणि ती वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर. तीही ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तरच. सोन्यात ती मर्यादा साधारण ८५ ग्रॅम. ज्याच्याकडं तेवढं नाही त्याच्यावर देण्याचा भार नाही, उलट तो घेणारा ठरू शकतो. मिळकतीऐवजी साठ्याकडं पाहणारी ही दृष्टी मला फार शहाणी वाटते. शिखांचं दसवंध दहावा हिस्सा मागतं. विनोबांनी १९५१ मध्ये भूदान मागायला सुरुवात केल्यावर सहावा हिस्सा मागितला: तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा. ज्याच्याकडं अगदी थोडी जमीन आहे त्याच्याकडूनही त्यांनी दान घेतलं. कंपनी कायदा २०१३ नं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. हिंजवडीतल्या कंपन्यांकडून हा पैसा आता आसपासच्या शाळांत आणि दवाखान्यांत पोचतो. आणि टोकाचं उदाहरण म्हणजे अझीम प्रेमजी. विप्रोतल्या समभागांचा सुमारे दोन-तृतीयांश आर्थिक लाभ त्यांनी आपल्या दानसंस्थेच्या नावे केला. २०१९ मध्ये त्यासकट त्यांच्या एकूण दानाची किंमत सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये होती.

इथून जवळच, देहूला, याहून वेगळ्या जातीचं दान घडलं. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी वडिलांच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. त्यातला एक तपशील मला नेहमी खिळवून ठेवतो. सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. निम्मी भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची होती. ती त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. दुसऱ्याच्या हक्काचं दान करायचं नाही हा चोख व्यवहार, आणि आपल्या हक्काचं मात्र शंभर टक्के. पैसा कुणाच्या हातात ठेवलाच नाही. लोकांच्या मानेवरचं ओझं काढून घेतलं.

पण ज्या प्रयोगानं मला सगळ्यात जास्त चकित केलं तो मारुंजीपासून वीसेक किलोमीटरवर, तळेगाव दाभाड्याला फळाला आला. विसावं शतक उजाडण्याच्या सुमाराला अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी पैसा फंडाची कल्पना काढली. हिंदुस्थानातल्या प्रत्येक माणसानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी ही कल्पना उचलून धरली.

या मागणीचा आकार समजून घेण्यासारखा आहे. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे. लॉर्ड कर्झनच्या सरकारनं १९०१ मध्ये माणशी वार्षिक उत्पन्न काढलं होतं तीस रुपये, म्हणजे १,९२० पैसे. त्यातला एक. शेकड्यात मांडलं तर अर्ध्या टक्क्याचाही दहावा हिस्सा. इतकं थोडं की दारिद्र्यरेषेवरचा माणूसही नाही म्हणणार नाही, आणि इतकं थोडं की देताना कुणाला आपल्या गरिबीची लाज वाटणार नाही. आता याच पैशाला त्या वेळच्या लोकसंख्येनं गुणा. १९०१ च्या जनगणनेत माणसं होती २९ कोटी ४० लाख. सगळ्यांनी एकेक पैसा टाकला तर वर्षाला सुमारे ४६ लाख रुपये! तेवढे कधीच जमले नाहीत. कार्यकर्ते दारोदार, जत्राखेत्रांत हिंडणार तरी किती. पण जे जमलं त्यातून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं आले, आणि काच बनवता बनवता कारागीरही घडवायला सुरुवात झाली. दिव्याच्या चिमणीपासून बांगडीपर्यंतची काच ऑस्ट्रिया, बेल्जियम, जपानमधून येत होती, त्या काळातली ही गोष्ट.

भट्टीसमोर उभ्या असलेल्या त्या पहिल्या कारागिराची कल्पना करा. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा तांबूस गोळा, तो फुंकर घालतोय, आणि त्या फुंकरीमागं ज्यांना तो कधी भेटणार नाही अशा हजारो माणसांचा एकेक पैसा आहे. कुणा एका शेठजीचं नाव दारावर लावता येणार नाही असा कारखाना. कल्पनेचं नाव पुढं इतकं रुजलं की कोकणात संगमेश्वरला व्यापारी पैसा फंड संस्थेची शाळा आजही त्याच नावानं चालते.

रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटलांनी हीच युक्ती धान्यात आणली. मुष्टिफंड. घरटी मूठभर धान्य. मूठ ही किती विलक्षण निवड आहे पाहा: पाटलाची मूठ आणि मजुराची मूठ जवळजवळ सारखीच असते. त्याच संस्थेत दुसऱ्या टोकाला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील आहेत, ज्यांनी वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी अंगावरचे दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही. एकीकडं कुणालाच जड न जाणारी मूठ, दुसरीकडं सर्वस्व, आणि दोन्ही एकाच चुलीत. पहिल्या प्रकारानं संस्था लोकांची झाली. दुसऱ्यानं ती अडचणीच्या रात्री तरली. माझं मत असं की एकाच मापानं सगळ्यांना मोजण्याचा हट्ट इथं सोडून द्यावा. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर पैसा आणि मूठ हे माप योग्य, म्हणजे सगळ्यांना सामील होता येतं. वर चढू तसं माप टक्क्यांत हवं, आणि पायरीगणिक टक्काही वाढायला हवा; कारण बेर्नूलीनं सांगितल्याप्रमाणं वरचा रुपया देणाऱ्याला हलका होत जातो. गावच्या जत्रेच्या वर्गणीचा फलक पाहिला की मला हेच सुचतं. आज त्यावर नावं रकमेच्या क्रमानं असतात. मिळकतीच्या हिश्श्यानं लावली तर शेवटून दुसरं नाव कदाचित पहिलं येईल. फलकाला माझा विरोध नाही. नाव पाहून शेजारी देतो, हे गावातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

पैसा फंडाचं गणित आज मारुंजीत लावून पाहू. अठरा लाख पगाराच्या इंजिनियरनं १,९२० मधला एक भाग द्यायचा तर वर्षाला ९३७ रुपये होतात. एका संध्याकाळच्या हॉटेलच्या बिलाइतके. दहावा हिस्सा द्यायचा तर एक लाख ऐंशी हजार. ही रक्कम ऐकून छातीत धस्स होतं, हप्ते आठवतात, मुलांची फी आठवते. पण शिडीवर पाहा. अठराचे सोळा लाख वीस हजार झाले तरी तो वरच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यापासून साडेपाच पट उंचीवरच राहतो. पुढच्या एक-दोन वेतनवाढींत तो होता त्या पायरीवर परत येतो. ते एक लाख ऐंशी हजार जिथं पोचतात तिथं काय होतं? ग्रामीण भारताच्या सगळ्यात खालच्या पाच टक्के लोकांचा खर्च २०२३-२४ मध्ये दर माणशी महिना १,६७७ रुपये होता. पाच माणसांच्या अशा कुटुंबाचा वर्षाचा सगळा खर्च, धान्य, तेल, औषध, चपला, एसटीचं तिकीट, सगळं धरून, सुमारे एक लाख. इंजिनियरची दोन वेतनवाढींपुरती मागं सरकलेली पायरी म्हणजे त्या घराचं पावणेदोन वर्षांचं जगणं.

आणि पीजीत राहणाऱ्या त्या मुलीचं? तिनं दहा टक्के द्यावेत असं मी म्हणणार नाही. तिच्या पगारातला मोठा वाटा आधीच गावी आईच्या खात्यावर जात असेल, आणि तेही देणंच आहे. तिनं फक्त एक टक्का बाजूला काढला तर साडेतीन लाखांतले साडेतीन हजार होतात. महिन्याला २९२ रुपये. वर्षाचे ते साडेतीन हजार म्हणजे खालच्या पाच टक्क्यांतल्या एका माणसाचा दोन महिन्यांचा पूर्ण खर्च, आणि वर दीडशे रुपये शिल्लक.